नणंदेच्या गोधडीतलं धोतर

"तुला काय, बसल्या बसल्या होतं," असं म्हणून लोक माझ्याकडे काम टाकून जातात. बसून बघा म्हणावं एकदा. त्या हिवाळ्यात पिंप्राळ्यातल्या आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुतणीच्या बाळाचं स्वेटर एका बाहीवर अडलेलं, शेजारणीचा मफलर सुईवर, नणंदेची गोधडी अर्धी अंथरलेली आणि आईच्या गोधडीचं गाठोडं कोपऱ्यात. अंगठा इतका ठणकायचा की भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. पण नाही म्हणायची सोय नाही, जो तो नातं काढतो.

आई असोद्याहून त्या गोधडीसाठीच येऊन राहिली होती. तिचं एकच मागणं, वडिलांचं धोतर तिच्या गोधडीत घालायचं. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. थंडी तिला सोसत नव्हती आणि दुसरं पांघरूण अंगाला लागत नव्हतं. रोज विचारायची, "माही कव्हा घेशीन वं?" मी रोज म्हणायचे, उद्या.

वाट बघून कंटाळली आणि मदतीलाच बसली. डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऐकते कुठे! मी बाहीचे टाके मोजत होते, तेव्हा नणंदेच्या गोधडीतले जुन्या कपड्यांचे थर तिनेच लावले. मी वरून साडी ताणली आणि काठाकडून आत आत शिवत गेले. शेवटच्या टाक्याआधी आमच्याकडे पोळीचा तुकडा आत सारतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. तोही आईनेच सारला.

दुसऱ्या दिवशी तिचं गाठोडं सोडलं तर धोतर नाही. सगळं घर पालथं घातलं. शेवटी नणंदेची गोधडी उन्हात धरली, तर पातळ साडीखाली धोतराचा काठ दिसला. मला रडूच आलं. एवढे दोरे उसवायचे, पुन्हा घालायचे, आणि नणंद संध्याकाळी धुळ्याहून न्यायला येणार. ब्लेड घेऊन बसले. आईला सांगणार नव्हते, पण दोरा तुटल्याचा आवाज तिला बरोबर कळतो.

सांगावंच लागलं. ती बराच वेळ गोधडीवरून हात फिरवत राहिली.

"उसवू नको," म्हणाली. "तुहा बाप जित्ता व्हता तव्हा तरी घरी कुठी टिकला? जाऊ दे त्याले धुळ्याले. माह्या गोधडीत तुही साडी टाक."

आईची साडी लेकीच्या गोधडीत जाते. उलटं मी कधी ऐकलं नव्हतं. कपाट उघडलं तर सगळ्या साड्या सिंथेटिक, घसरणाऱ्या. सुती आणि धुऊन धुऊन मऊ झालेला असा एकच, माझ्या अंगावरचा गाऊन. तो बदलून आले आणि तिच्यापुढे ठेवला.

आईने तो चाचपला. कोपरांशी विरलेला, पोटाशी सुयांनी टोचून टोचून जाळी झालेला. तिची बोटं तिथेच थांबली.

"किती थकली वं माय तू," ती म्हणाली.