तहानेची राखण

निर्वासितांच्या छावणीत मी डॉक्टर होते. एका दुपारी एक आई आपल्या वयात आलेल्या मुलीला घेऊन आली. पोरीला लघवीला जळजळ होत होती.

"भरपूर पाणी पी," मी म्हटलं.

दुभाषी बाईंनी ते सांगताच आई म्हणाली, "मीच पिऊ देत नाही. संडास लांब आहे. दाराला कडी नाही, आणि वाटेत पुरुष बसलेले असतात."

देश सुटतो, भीती तेवढी बाईबरोबर सीमा ओलांडते.

मी अधिकाऱ्यांना भेटले. "महिलांच्या सुरक्षेचं धोरण मंजूर झालंय, कड्याही येतील," ते म्हणाले.

कड्या आल्या नाहीत. मुलगी पुन्हा आली, तापाने फणफणलेली. मी पाण्याचा पेला पुढे केला. आईने तो हळूच बाजूला सारला. मला तिला चूक म्हणता येईना.