मामांचे कान

आमचं जुनं वॉशिंग मशीन विकलं त्या दिवशी मी देवासमोर खोटं बोललो, ही गोष्ट आजवर मी एका माणसाखेरीज कुणालाही सांगितलेली नाही. तो एक माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आलेलं गिऱ्हाईक पळून जाईल याची इतकी काळजी घेणारा विक्रेता अख्ख्या मालवण तालुक्यात दुसरा सापडायचा नाही.

गावच्या पाणीयोजनेच्या पंपावर मामांनी तीस वर्षं ऑपरेटरची नोकरी केली. शेडच्या बाहेर डोळे मिटून पडल्या पडल्या कुठल्या मोटारीला काय होतंय ते सांगायचे. निवृत्तीनंतर भाच्याने त्यांना फोन घेऊन दिला, त्यावर जुन्या वस्तू विकायचं-घ्यायचं शिकवलं, आणि मामांना दुसरी नोकरी लागल्यासारखं झालं. त्यांच्या जाहिराती लोक करमणूक म्हणून एकमेकांना पाठवत. लोक लिहितात, ‘उत्तम स्थितीत, फारसा न वापरलेला.’ मामा लिहीत, ‘टेबलफॅन. मान एकाच बाजूला वळवतो. दोनदा पडला आहे, एकदा माझ्यामुळे.’ विकत घेताना तर फोटो बघायचेच नाहीत. विकणाऱ्याला फोन करून सांगायचे, वस्तू चालू करा आणि मोबाईल तिच्याजवळ धरा. एकदा कोल्हापूरच्या एका गृहस्थांचा पंखा पाच मिनिटं कानाला लावून ऐकला आणि म्हणाले, “पंखो बरो आसा, पण तुमच्या घरात कोणतरी खोकता हा. आधी तेका डाक्टराक दाखवा.” पुढे पंखाही घेतला आणि खोकणाऱ्याची चौकशीही महिनाभर चालू ठेवली.

पण खरा प्रकार विकण्याच्या दिवशी असायचा. आमच्याकडे कुठल्याही कामाच्या सुरुवातीला देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं बोलायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मामा जुन्या मिक्सरसाठीही गाऱ्हाणं घालीत. ओटीवर मिक्सर, पुढ्यात नारळ, समोर अवघडून उभं गिऱ्हाईक, आणि मामा हात जोडून सुरू: “बा देवा म्हाराजा, ह्या मिक्सराक आज दुसरा घर गावता हा. ह्येचा झाकण सैल आसा, आणि तीन नंबरार फिरवलो तर ओट्यावरसून चलाक लागता. ह्या सगळा घेणाऱ्यान आयकला आसा. काय लपान रवला आसात तर ता तू उघडा कर रे म्हाराजा!” व्हय म्हाराजा म्हटल्याशिवाय वस्तू हलायची नाही. कुणी एक ठकसेन टेबलफॅन न बघताच पूर्ण किमतीला घ्यायला निघाला. पैसे मिळण्यासाठी मी पाठवतो तो कोड स्कॅन करा, म्हणाला. मामा म्हणाले, “पैशे मागाहून. आधी गाऱ्हाणा घालूया, तुमी थयसून व्हय म्हाराजा म्हणा.” त्या बिचाऱ्याने दोनदा म्हटलंही. तिसऱ्यांदा मामा, “हेच्यात जो कोण लबाडी करीत, तेका तू बघून घे रे म्हाराजा!” असं गरजले, तेव्हा फोन कट झाला. मामांना वाटलं, रेंज गेली.

अशा माणसाला मी फसवलं.

त्याच्या आधी मी स्वतः फसलो होतो. एक स्वस्तातली स्कूटर, लष्करी गणवेशातल्या माणसाचा फोटो, ‘बदली झाली आहे, लगेच विकायची आहे,’ आणि वाहतुकीचे म्हणून आधी भरायचे पैसे. ते मी एकदा भरले आणि पुन्हा एकदा भरले. मी शाळेच्या कार्यालयात कारकून. दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यात हयात गेलेली. लाजेने मी घरात अवाक्षर काढलं नाही. तेवढ्यात नवीन मशीन आलं आणि जुनं विकायचं ठरलं. त्याचं बेअरिंग गेलेलं होतं, मेकॅनिकने मला तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण माझ्या मनात एकच घोळत होतं, माझं गेलं ते कुठूनतरी भरून यायला हवं. मी मागचं झाकण उघडून बेअरिंगात ग्रीस कोंबलं, खाली काथ्याचं पायपुसणं सरकवलं आणि मामांना म्हटलं, तुमच्या नावावर विका, तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे.

घ्यायला तारकर्लीच्या एक बाई आल्या. घरातल्या दोन खोल्या त्या पर्यटकांना देतात, त्यामुळे रोज चादरींचा ढीग. मामांनी मशीनच्या पोटाला कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ तसेच राहिले. मग हात जोडून म्हणाले, “ह्येच्यात खोट नाय. आसलीच तर ती माझ्या कानांची रे म्हाराजा!” आणि मी, सगळ्यांच्या आधी, मोठ्याने म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

आठव्या दिवशी बाईंचा फोन. “मामानु, तुमचा मशीन सुक्या नारळांचो पोतो लोटल्यासारखा गडगडता. पावणे इचारतत, वरच्या मजल्यार कोण ऱ्हवता? माझ्या घराक वरचो मजलोच नाय!” मामा त्याच दिवशी टेम्पो घेऊन गेले, मशीन परत आणलं आणि बाईंचे पैसे आपल्या खिशातून दिले. मी पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. “जावयांनु, तुमी कित्याक मान खाली घालतास? कान माझे म्हातारे झाले.”

इथे मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. मामांनी सगळ्या जाहिराती काढून टाकल्या. डॉक्टरांनी कान तपासून ठणठणीत असल्याचं सांगितलं तर म्हणाले, डाक्टर बरो माणूस आसा, मन राखूक बोलता. देवळातल्या भजनात पखवाज त्यांच्या कानाने लागायचा. तिथेही ते मागे खांबाला टेकून बसू लागले आणि कुणी विचारलं तर नुसतं ‘तुमका बरो वाटता तसो लावा’ म्हणू लागले. गणपतीपासून शिमग्यापर्यंत मी हे बघत होतो. एका दुपारी ते अंगणात वाळत घातलेल्या काजूबिया परतत होते. दारात काळीपिवळी रिक्षा येऊन फटफटत उभी राहिली. एरवी मामांनी तिचा आजार सांगून ड्रायव्हरला हैराण केलं असतं. त्यांनी मान वर केली नाही. माझ्याने पुढे राहवेना. पायरीवर बसलो आणि स्कूटरपासून पायपुसण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

मामांनी हातातल्या काजूबिया खाली टाकल्या. मग ताडकन उठून आत ओरडले, “अगो, आयकलंस? माझे कान बरे आसत! ह्या मेल्यान ग्रीस घातल्यान!”

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “मग मी काय करू? तेका चाय देव, का पायताण?”

“आधी चाय!”

बावीस वर्षं मी त्यांच्या तोंडी ‘जावयांनु, तुमी’ होतो. त्या दुपारी ‘मेल्या, तू’ झालो. चहा येईपर्यंत माझी उलटतपासणी चालली. ग्रीस कुठलं? किती? पायपुसणं दुमडून घातलं की तसंच? मी म्हटलं, दुमडून. “बरोबर,” मामा मांडीवर थाप मारून म्हणाले, “म्हणानच माका आयकाक येवक नाय!” मग आवाज उतरवून म्हणाले, “तुका फसवल्यानी तेचा वायट वाटता. पण ता माका सांगूक नको? मी तेका फोनार गाऱ्हाणा घातला असता.” मी पुढे केलेले पैसे या वेळी त्यांनी न मोजता खिशात टाकले. घरी जाताना मला कित्येक महिन्यांनी भूक लागल्याचं जाणवलं.

दुसऱ्याच आठवड्यात मामांची जाहिरात आली: ‘वॉशिंग मशीन. एकदा तारकर्लीला दगा दिलेला आहे. बेअरिंग नवीन. दोष विकणाऱ्याच्या कानांचा नव्हता.’ मग कुणाचा, असं विचारायला लोकांचे फोन आले. मामा प्रत्येकाला सांगत, ता देवाक ठावक. माझं नाव त्यांनी आजतागायत घेतलेलं नाही. भजनात पखवाज पुन्हा त्यांच्याच कानाने लागतो, आणि मी समोर बसून तो ऐकतो.

फक्त एक गोष्ट त्यांनी माझ्यावर सोडली. “तारकर्लेक तू जा,” म्हणाले, “ता माझा काम न्हय.” मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा बाई अंगणात चादरी वाळत घालत होत्या, आणि दोन्ही वेळा मी बाहेरूनच मोटारसायकल वळवली. त्या अजून शेजारणींना सांगतात की मामा माणूस सोन्यासारखा, पण आता त्यांना ऐकू कमी येतं. हे खोटं आहे, आणि ते माझ्यामुळे आहे, एवढं त्या बाईंना मला अजून सांगायचं आहे.