थरथरलेली रेघ

नवरात्राआधी घर झाडताना आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, ब्रशांचा डबा उंबऱ्याबाहेर ठेवला. "भंगारवाल्याला दे," म्हणाले. चाळीस वर्षं कोल्हापुरातल्या दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस! फ्लेक्स आले तेव्हाही डगमगला नाही. यंदा हात थरथरायला लागला आणि त्यानं पार हातपाय गाळले. माझं डोकंच फिरलं. मी डबा कपाटात दडवला.

खंडेनवमीला तोच डबा पूजेत मांडला.

"ह्यो अजून हितंच?" आबा खेकसले.

सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून मी शाळेतून आणलेलं जपानी चित्रांचं पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मी चित्रकलेची शिक्षिका, मला दुसरं काय सुचणार?

आबांनी पान उघडलं. जुन्या लांबलचक पटावर भुतांची मिरवणूक निघालेली. एका डोळ्याची छत्री, दात विचकणारं तंतुवाद्य, हातपाय फुटलेली गवताची चप्पल. खालचा मजकूर मी वाचून दाखवला. वर्षाची साफसफाई करताना लोक जुन्या वस्तू फेकतात. शंभरीला आलेल्या वस्तूंत जीव येतो, आणि त्या चिडून रस्त्यावर उतरतात.

"आयला! उतरतील न्हाय तर काय!"

माझ्या अंगावर काटा आला. ती छत्री आमच्याच गल्लीतनं चालल्यागत वाटत होती.

आबांनी भिंग मागवलं. तासभर त्यांनी पान उलटलं नाही. "पोरी, हिकडं बघ. चपलीचा पाय. रेघ थरथरलीया. काढणारा म्हातारा असणार, हात हललाय त्येचा. आणि त्या हलण्यानंच ती चालतीया की गं! काय माणूस म्हणायचा ह्यो!"

त्यांचे डोळे भरून आले. ते चित्र मी दहादा वर्गात दाखवलं होतं, ती थरथर मला कधी दिसलीच नव्हती.

आबा उठले. पूजेतला एक ब्रश त्यांनी हळदीकुंकवासकट उचलला. नवमीला हत्यार चालवायचं नसतं. लहानपणी त्या दिवशी ब्रश धरला म्हणून त्यांनीच मला धपाटा घातलेला.

"आबा, आज नवमी हाय!" माझ्या तोंडून गेलंच.

"म्हाईत हाय. तुझा काळा रंग आण."

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी रेघ ओढली. ती थरथरली, वाकडी गेली. आबांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला.