पीराच्या तीन फेऱ्या

अल्जियर्सपासून तामनरासेत किती लांब, असं कुणी विचारलं की बुझियान म्हणायचा, "चार दिवस. वाळू नडली तर पाच." विमान अडीच तासांत पोचतं हे त्याला ठाऊक होतं. पण तीस वर्षं वाळवंटातून ट्रक हाकलेल्या माणसाने ते का म्हणून मानावं?

माणूस हट्टी, पण काळीज केवढं! वाटेत कुणाची गाडी बंद पडलीय आणि बुझियान थांबला नाही, असं कधी घडलं नाही. त्याची मुलगी वर्दिया जन्मली तेव्हाही तो असाच एका अनोळखी कुटुंबाला आपलं पाणी पाजत अडकून पडला होता. सातव्या दिवशी बाळाच्या कानात अजान देऊन नाव पुकारायचं, ते बापाचं काम शेजाऱ्याने उरकलं. त्या कुटुंबाच्या दुवा त्याला जन्मभर पुरल्या, पण ही रुखरुख काही गेली नाही.

तीच वर्दिया लग्न होऊन तामनरासेतला गेली आणि तिला मुलगी झाली, तीही तीन आठवडे आधी. आजोबांशिवाय नाव ठेवणार नाही, असं तिने कळवलं. इकडे ट्रकचं इंजिन गॅरेजात उघडून पडलेलं. ते जुळेजुळेपर्यंत सहावा दिवस उजाडला.

"नातीचंही नाव शेजाऱ्यानेच ठेवायचं का?" बायको झोहरा कडाडली. "मी तिकिटं काढलीत. मुकाट्याने चला!"

विमानात तो खिडकीला चिकटून बसला. "झोहरा, घारदाया! आमचा पहिला मुक्काम इथे असायचा."

"असेल. मला चहा तरी संपवू द्या."

तामनरासेत जवळ आलं तसा तो एकदम उठला. त्या रस्त्यावर मौलाय लहसनचा दर्गा आहे. येणारा-जाणारा प्रत्येक ड्रायव्हर गाडीसकट त्याला तीन फेऱ्या घालतो. घातल्या नाहीत तर सुखरूप पोचत नाही म्हणतात. बुझियानने हवाई सुंदरीला हाक मारली.

"पोरी, पायलटला सांग, पीराला तीन फेऱ्या मारून मग पुढे जा."

तिने कसंबसं हसू दाबलं. "हाजी, हे विमान आहे!"

"मग? माझ्या खटाऱ्याला जमतं, याला जमत नाही?"

आजूबाजूचे खो-खो हसले. झोहराने कपाळाला हात लावला. बुझियानचा चेहरा मात्र उतरला होता. आपण याही वेळी पोचत नाही, या धास्तीने तो विमान टेकेपर्यंत ओठांतल्या ओठांत कुराणातली आयत पुटपुटत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्दियाचं अंगण माणसांनी भरलं. मेंढा कापून झाला होता, मोठ्या पातेल्यातल्या कुसकुसला वाफ आली होती. जावयाने बाळ पुढे केलं. बुझियानने ते घेतलं नाही. त्याने पाळणा अंगणाच्या मधोमध आणवला, बाळाला त्यात निजवायला लावलं, चपला काढल्या आणि सावकाश फेऱ्या घालू लागला. एक, दोन, तीन. त्या गावात ड्रायव्हरच जास्त. काय चाललंय ते कुणाला सांगावं लागलं नाही. कुणी हसलंही नाही.

"बाबा," वर्दिया म्हणाली, "काल दुपारीच पोचलात की तुम्ही. आता फेऱ्या कशाला?"

"काल कुठला, पोरी! तुझ्या बारशाला निघालेला बाप मी. सत्तावीस वर्षं लागली पोचायला," असं म्हणून तो नातीच्या कानाशी वाकला.