ताईची वही आणि माझा माऊस

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही बहीणभाऊ मिळून एक कॉम्प्युटर गेम खेळायचो. त्यात आपण भाडोत्री मारेकरी असतो. काम हातात घ्यायचं, कुणाला पत्ता लागू न देता आत शिरायचं आणि काम उरकून तितक्याच गुपचूप निघून यायचं. बंदूक असायची, पण ती वापरावी लागली म्हणजे डाव फसला. खरी गंमत होती कपडे बदलण्यात. वेटरचा कोट चढवला की स्वयंपाकघरात कुणी अडवत नसे. तोच कोट घालून वरच्या मजल्यावर गेलो, की पहारेकरी मान वळवून बघायचा.

तेव्हा आम्ही बदनापूरला राहायचो. वडील शेतकी खात्यात नोकरीला. ताई जालन्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करायची, रेल्वेनं जायची-यायची. तिच्या अभ्यासाला लागेल म्हणून वडिलांनी कॉम्प्युटर आणला, आणि मी अकरावीतला गडी त्याच्यासमोर बसलो तो उठायचं नाव घेईना. सीडी मी वर्गातल्या एका मित्राकडून आणली होती.

पहिले आठ दिवस मी नुसता पळायचो. पळालं की पहारेकऱ्यांना संशय यायचा, मग गोळ्या, मग आपण मेलेलो. ताई मागं पलंगावर बसून जर्नल उतरवत असायची. एका दुपारी तिला राहवलं नाही.

“पळू नको, चाल,” ती म्हणाली. “तो माणूस दरवाज्यापोत जातो अन् माघारी येतो. बघून तर घे आधी.”

मी चाललो आणि पहिल्यांदा आत पोचलो.

त्या दिवसापासून ती माझ्याशेजारी बसायला लागली. तिच्या एका जुन्या वहीची मागची पानं नकाशांनी भरली. जिना, धोबीखाना, माळ्याची खोली, मागचं फाटक. कोणता पहारेकरी कुठं किती वेळ थांबतो ते ती मनात आकडे मोजून काढायची आणि पेन्सिलीनं लिहून ठेवायची. कधीकधी पंधरा-पंधरा मिनिटं आम्ही काहीच करायचो नाही. आमचा मारेकरी झाडाआड उभा आणि आम्ही दोघं श्वास रोखून पडद्याकडं बघतोय. आई आत येऊन विचारायची, बंद पडलं का काय ते.

सगळ्यात अवघड टप्पा होता बर्फातल्या एका मोठ्या हॉटेलचा. तिथं आमचं एकदा भांडण झालं. मी माळ्याच्या खोलीत कपडे बदलत होतो आणि माळी अचानक आत आला. त्यानं ओरडू नये म्हणून मी त्याला मारून टाकला. टप्पा तसाच पुढं चालू राहिला असता, पण ताईनं पेन्सिल खाली ठेवली.

“त्यानं काय केल्तं?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, त्यानं आपल्याला बघितलं.

“त्याची खोली हाय ती. त्यो येणारच ना.”

ती उठून गेली आणि दोन दिवस कॉम्प्युटरकडं फिरकली नाही. मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि तिसऱ्या दिवशी मी स्वतःच तो टप्पा पहिल्यापासून सुरू केला आणि तिला बोलावलं. तेव्हापासून आमचा नियम ठरला. ज्याचं काम घेतलंय तो सोडून कुणाला धक्का लावायचा नाही. त्या नियमानं खेळ फार अवघड झाला. त्यात लोडशेडिंग. अगदी शेवटच्या खोलीच्या दारात पोचायचो आणि वीज जायची, की पुन्हा पहिल्यापासून.

असं करता करता ताईचं शेवटचं वर्ष संपलं, लग्न ठरलं आणि ती वडीगोद्रीला सासरी गेली. हॉटेल राहिलं ते राहिलंच. एकट्यानं खेळायला बसलो तर शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडं लक्ष जायचं. पुढं कॉम्प्युटरही बंद पडला.

मी जालन्यात नोकरीला लागलो, संसार झाला. बायकोला ही गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली असेल. प्रत्येक वेळी शेवट एकच, की डोकं ताईचं आणि हात माझा. फार छान जमलेली जोडी होती आमची, असं मी म्हणायचो.

मागच्या हिवाळ्यात ताई दाताच्या कामासाठी जालन्याला आली. डॉक्टरांनी लागोपाठ तीन दिवस बोलावलं होतं, म्हणून ती आमच्याकडंच राहिली. योगायोग असा, की तो गेम आताच्या लॅपटॉपवरही चालतो असं ऑफिसातल्या एकानं मला सांगितलं होतं आणि मी तो नुकताच उतरवून घेतला होता. पहिल्या दिवशी ती दवाखान्यातून आली ती अर्धं तोंड बधिर होऊन. बोलायची सोय नव्हती. मी लॅपटॉप समोर ठेवला आणि हॉटेल उघडलं.

तिनं ओळखलं. डोळे मोठे केले आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. चित्रं आता किती ठोकळेबाज वाटत होती. माणसांना बोटंसुद्धा नीट नव्हती. तरी पहारेकरी दरवाज्यापर्यंत गेला तसं ताईचं बोट आपोआप वर झालं, थांब म्हणून. तो वळला, बोट खाली आलं. मी चाललो. एक शब्द न बोलता आम्ही धोबीखान्यापर्यंत पोचलो. मला वाटलं, मधली वर्षं गेलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिचं तोंड जरा सुटलं होतं. चहा थंड करून पिता पिता मी तिला सहज म्हणालो, की तुला कसं आखणीच आवडायची, माऊसला कधी हातसुद्धा लावला न्हाईस.

ताईनं कप खाली ठेवला.

“तू दिलाच न्हाई कधी,” ती म्हणाली.

आवाजात तक्रार नव्हती. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मी म्हणालो, तू मागितला कुठं. तर म्हणाली, दोनदा मागितला होता, तू म्हणालास ‘तुला जमायचं न्हाई, ताई’, मंग मी सोडून दिलं. मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. कॉम्प्युटर तिच्यासाठी आणलेला होता, हे मात्र त्या क्षणी बराबर आठवलं. माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती.

मी उठलो आणि लॅपटॉपसमोरची माझी खुर्ची ताईला दिली.

तिनं माऊस धरला आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर ती पळाली. हॉटेलच्या दिवाणखान्यातून, पाहुण्यांना धडकत, थेट मधल्या जिन्यावरून वर. चार पहारेकरी मागं लागले आणि तिचा माणूस पहिल्याच मजल्यावर आडवा झाला. ताई सुजलेला गाल हातानं दाबून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. लगेच पुन्हा सुरू केलं, पुन्हा पळाली. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होतो. सांगावंसं फार वाटत होतं, पण तोंड बंद ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं हॉटेल संपवलं. काही चालून, काही पळून, आणि दोन वेळा मला “माझी चाल बघ” म्हणत. माळ्याला तिनं मारलं नाही, त्याच्या खोलीत ती गेलीच नाही. तिनं खिडकीची वाट शोधली होती. ती वाट तेव्हा आमच्या कुठल्याच नकाशात नव्हती.

संध्याकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. मनात होतं की माफी मागावी, पण गर्दीत शब्द नीट जमले नाहीत. गाडीत बसता बसता तिनंच विचारलं, माझ्या पोरीच्या लॅपटॉपवर चालेल का हा गेम. मी म्हणालो, चालेल, रविवारी येऊन मी घालून देतो.

आठवड्यानं तिचा फोन आला. बंदराच्या टप्प्यावर अडकली होती, गोदामात कसं शिरायचं ते विचारत होती. मला आठवत होतं तेवढं मी सांगितलं. तिनं मध्येच थांबवलं आणि म्हणाली, “बस, एवढंच. पुढचं मी बघते.”