‘बराबर’ कोणी कापलं?

पुण्यातल्या एका संस्थेने हिंगोलीकडच्या पुसेगावजवळच्या तांड्यावरच्या नऊ मुलींना फसवलं, आणि तेही माझ्या शिकवणीच्या आडून. मी हातगाडीवर पिशव्या विकत दुकानापर्यंत आलेला माणूस. लबाडी मला वासावरून कळते. इथे मात्र मला अत्तराचा वास आला.

टाकाऊ गोण्यांच्या पिशव्या शिकवायला संस्थेने मला पाच दिवस पाठवलं. हिंगोलीला त्यांची गाडी येणार होती. ती अजून येतेच आहे. जीपवाल्याशी भांडून भाडं उतरवलं, तर त्याने माझं शिलाई मशीन माझ्याच मांडीवर ठेवलं. वाटेत दोन्ही बाजूंना हळदीची हिरवी शेतं आहेत म्हणे. मला मशीनचं चाक दिसलं.

तांड्यावरच्या समाजमंदिरात चौदा ते सोळा वर्षांच्या मुली बसल्या होत्या. समोर खताच्या गोण्या, चारदा धुऊनही युरियाचा वास धरून बसलेल्या. दुपारी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. ठेच्यानंतर मी तांब्याभर पाणी पिऊन छताकडे बघत बसलो. मुलींना वाटलं, सर विचार करताहेत.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, जी आधी पिशवी पुरी करील तिला स्टीलचा डबा. संध्याकाळी नऊ पिशव्या एकदमच पुढ्यात आल्या.

“पहिली कोण?”

“कोनीच न्हाई, दादा,” सुनीता म्हणाली. तीच त्यांची पुढारी. “आरती कापते, मी शिवते, बाकीच्या आरसे लावून राहिल्या. डब्यात आमी सगळ्या सुया ठेवू.”

“मग पिशवीवर नाव कोणाचं?”

“बराबर.”

“बरोबर काय? नाव सांग.”

सगळ्या हसल्या. “दादा, तुमाला इतक्या दूर शिकवायला पाठवलं काहून (का)? बराबर म्हंजे समद्या सारख्या. तेच नाव.”

प्रत्येक पिशवीच्या आत त्यांनी कापडाची पट्टी शिवली: ‘बराबर, पुसेगाव’. सुनीता म्हणाली, “नाव वाचून गिऱ्हाईक थेट आमच्याकडं येईन. काम आलं तर औंदा ऊसतोडीला नेनार न्हाई म्हनला बाप.”

मी परत आलो. महिन्याभराने संस्थेचं प्रदर्शन भरलं. पिशव्या त्याच, पट्टीच्या जागी सुईची भोकं. बाहेर गुळगुळीत कार्ड: ‘गौरी, वय चौदा, अनाथ. तिच्या एकटीच्या हातांची कला.’

“ही गौरी कुठली?” मी संस्थेच्या ताईंना विचारलं.

“प्रतीकात्मक आहे, सर. एक चेहरा असला की लोक थांबतात.”

“नऊ होते की चेहरे. आणि ती पट्टी?”

“त्यात शुद्धलेखनाची चूक होती ना. ‘बरोबर’ हवं. म्हणून काढली.”

भाषेची केवढी ही काळजी. नऊ मुलींच्या जिवंत आईबापांना एका कार्डावर मारलं, पण काना-मात्रा सांभाळली.

पिशव्या संपल्या. गिऱ्हाइकं गौरीसाठी हळहळत घरी गेली. पुसेगावची कोणी चौकशी केली नाही, कारण पुसेगाव कुठे लिहिलेलंच नव्हतं. सुनीता मात्र मला रोज फोन करते. “दादा, कोनी नाव इचारलं का?” ऊसतोडीचे कोयते तांड्यावरून निघायला पंधरा दिवस उरलेत.

मी तिला काय सांगू, हे मी ठरवणार नाही. ज्याने त्या पट्ट्या उसवल्या त्याने तांड्यावर जावं आणि सुनीताच्या बापासमोर बसून सांगावं. जीपचं भाडं मी ठरवून देतो. कोण जातंय, नाव सांगा.