पिकअपसाठी टाकलेले मोठे टायर

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

दरेकसाच्या चढावर गाडी धापा टाकते, म्हणून मागच्या आठवड्यात फुलचूरच्या एका दुकानात विचारलं, "क्लच बदलू की गिअरबॉक्स?" दुकानदार म्हणाला, "भैया, मोठे टायर टाका. पिकअप डबल!" मी टाकले.

आज आईला घेऊन कचारगडला निघालो. त्याच चढावर गाडी पहिल्या गिअरमध्येही पुढं सरकेना. आई उतरली. "मी पायदळच जातो बाप्पा. तू ये मागून."

दुकानदाराला फोन लावला. "चाक मोठं झालं की पिकअप कमी होतो, माहीत नव्हतं तुला?"

"माहीत होतं ना! पण गाडी कशी भारी दिसून राहिली!"

दिसून राहिली ना! तासभर चढावर उभी होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहून राहिला होता.

तुमच्याकडे असं 'ज्ञान' कोण वाटून राहिलं?